महागडी स्प्रिंग घ्यावी की नाही?

मित्रांनो, रविवारी डॉर्मिटरीत गाड्यांच्या गप्पा निघाल्या की कोणीतरी हमखास म्हणतो, "गाडी घेतली की आधी कॉइलओव्हर टाकायचे, आणि त्यावर बाहेरच्या देशाच्या स्प्रिंगा." आपल्यापैकी एकाकडेही अजून वाहन चालवण्याचा परवाना नाही, तरी मत मात्र प्रत्येकाकडे आहे. यंदा हा प्रश्न माझ्या घरातच आला. म्हणून मी जरा नेटाने वाचले, आकडेमोड केली आणि आपल्या शाळेच्या एम. टी. विभागातल्या उस्तादांना विचारून घेतले. ते सगळे या लेखात सोप्या भाषेत मांडतो.

प्रश्न असा : कॉइलओव्हरच्या साध्या स्प्रिंगेच्या दुप्पट-तिप्पट पैसे देऊन नावाजलेली स्प्रिंग घेतली, तर त्या जास्तीच्या पैशांत नेमके काय मिळते? आणि ते आपल्याला हवे असते का?

कॉइलओव्हर म्हणजे काय?

पूर्वीच्या जीपगाड्या आणि ट्रक पाट्यांवर चालत. आपण संचलनाच्या मैदानाजवळ पाहतो ती जिप्सी अजूनही चारही चाकांना पाटे असलेली गाडी आहे. उस्ताद त्यांना 'कमानी' म्हणतात, आमच्या गावाकडे 'पाटे'. आजच्या मोटारींत मात्र गुंडाळलेल्या तारेची स्प्रिंग असते. ही स्प्रिंग शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या भोवती बसवली, म्हणजे दोघांचा मिळून एकच खांब केला, की त्याला कॉइलओव्हर म्हणतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बरला गॅरेजमध्ये सगळे शॉकअप म्हणतात, मीही पुढे तेच म्हणतो.

खरे पाहता आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना कंपनीकडूनच असा खांब येतो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने ही रचना रूढ केली, म्हणून तिला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. पण बाजारात 'कॉइलओव्हर' म्हणून जो संच मिळतो त्यात दोन गोष्टी वेगळ्या असतात. शॉकअपच्या अंगावर आटे पाडलेले असतात आणि त्यावर स्प्रिंगेची खालची बैठक फिरवून वर-खाली करता येते. दुसरे म्हणजे स्प्रिंग सरळ नळीसारखी आणि ठरावीक मापाची असते, आतला व्यास ६०, ६५ किंवा ७० मिलिमीटर, नाहीतर अडीच इंच. माप ठरलेले असल्यामुळे शॉकअप तोच ठेवून नुसती स्प्रिंग बदलता येते. म्हणूनच जर्मनीची आयबाख किंवा जपानची स्विफ्ट अशा कंपन्या नुसत्या स्प्रिंगाही विकतात. (ही स्विफ्ट म्हणजे आपल्या रस्त्यावरची स्विफ्ट मोटार नव्हे, नावाचा योगायोग आहे.)

प्रश्न घरात कसा आला?

माझा आतेभाऊ पुण्यात नोकरीला आहे. पहिल्या नोकरीच्या पैशांतून त्याने जुनी हॅचबॅक घेतली आणि एकाकडून वापरलेला कॉइलओव्हरचा संच विकत घेऊन तिला बसवला. गाडी खाली बसली, दिसायला झकास झाली. पण महिन्यातून दोनदा दादा आत्याला आणि आजीला घेऊन वाईला जातो. खंबाटकी घाट उतरून पुढचे स्पीडब्रेकर आले की पुढच्या बाजूने 'ठक्' असा आवाज येऊ लागला. आजीला मणक्याचा त्रास आहे. दोन फेऱ्यांनंतर तिने सांगून टाकले, "मी आपली एस. टी.नेच जाईन." सत्तरी ओलांडलेली आजी पिशवी घेऊन स्वारगेटला उभी राहते, याचे दादाला फार वाईट वाटले.

एका गॅरेजवाल्याने त्याला सांगितले की संचातल्या स्प्रिंगा हलक्या दर्जाच्या आहेत, नावाजलेल्या टाक, सगळे ठीक होईल. किंमत ऐकली तर अख्ख्या वापरलेल्या संचापेक्षा जास्त! दादाने फोनवर विचारले, "तू फिजिक्सवाला ना? सांग, एवढे पैसे घालू का?"

स्प्रिंगेचे काम आणि शॉकअपचे काम

आधी दोघांची कामे वेगळी करू. स्प्रिंग गाडीचे वजन उचलून धरते आणि खड्ड्याचा धक्का आपल्यात साठवते. साठवलेला धक्का ती परत देते, म्हणजे गाडी पुन्हा वर उसळते. हे उसळणे थांबवणे हे शॉकअपचे काम. आतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत जाते. स्प्रिंग कितीही भारी असली तरी ती उसळी थांबवू शकत नाही. शॉकअप गळत असेल तर नवी स्प्रिंग टाकून उपयोग शून्य.

स्प्रिंगेचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे तिचा रेट. १ मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो तो रेट. रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये हा नियम प्रसिद्ध केला : जेवढा जोर दुप्पट, तेवढे दबणे दुप्पट. बाजारात रेट 'किलो प्रति मिलिमीटर' असा सांगतात. ६ किलोची स्प्रिंग म्हणजे ६ किलो वजन ठेवले की १ मिलिमीटर दबणारी, ६० किलो ठेवले की १० मिलिमीटर दबणारी.

काही स्प्रिंगांवर हा आकडा पौंड प्रति इंच असा असतो. १ किलो प्रति मिलिमीटर म्हणजे ५६ पौंड प्रति इंच. एखाद्या स्प्रिंगेवर ०७००.२५०.०४५० असे लिहिलेले दिसले, तर ती ७ इंच लांब, आतून अडीच इंच आणि ४५० पौंड रेटची आहे असे वाचायचे. ४५० ला ५६ ने भागा, साधारण ८ किलो येतात.

रेट कशावर ठरतो?

इथे मला पहिले आश्चर्य वाटले. मला वाटायचे, महाग पोलाद म्हणजे जास्त दमदार स्प्रिंग. पण रेटचे सूत्र पाहा. तारेच्या जाडीचा चौथा घात घ्या, त्याला पोलादाच्या दृढता गुणांकाने गुणा. आता वेढ्याच्या सरासरी व्यासाचा घन, काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या आणि ८ यांचा गुणाकार करा व त्याने पहिल्या उत्तराला भागा. आला रेट.

यात पोलादाच्या प्रतीशी संबंध फक्त दृढता गुणांकाचा. आणि तो स्वस्त स्प्रिंग-पोलादाचा असो की महागड्या क्रोम सिलिकॉन पोलादाचा, जवळजवळ सारखाच असतो, प्रति चौरस मिलिमीटर सुमारे ७९,००० न्यूटन. म्हणजे महाग पोलादाने स्प्रिंग कडकही होत नाही आणि मऊही होत नाही. ६ किलोची स्वस्त स्प्रिंग आणि ६ किलोची महाग स्प्रिंग गाडीला सारखेच उचलतात.

खरी जादू तारेच्या जाडीत आहे. आतून ६५ मिलिमीटर व्यासाची, ११ मिलिमीटर जाड तारेची आणि ६ काम करणाऱ्या वेढ्यांची स्प्रिंग घेतली तर सूत्रानुसार रेट ५५ न्यूटन प्रति मिलिमीटर येतो. बाकी सगळे तसेच ठेवून तार फक्त १२ मिलिमीटरची केली, तर रेट ७५ होतो! तारेत ०.१ मिलिमीटरचा फरक पडला तरी रेट सुमारे ३ टक्क्यांनी बदलतो. म्हणून जो कारखाना तार आणि वेढे काटेकोर ठेवत नाही, त्याच्या स्प्रिंगेवर छापलेला आकडा आणि खरा आकडा यांत अंतर पडते. डाव्या-उजव्या चाकाला असे अंतर पडले की गाडी दोन वळणांवर दोन तऱ्हेने वागते.

मग जास्तीच्या पैशांत काय मिळते?

चांगल्या कंपनीच्या स्प्रिंगेत चार गोष्टी खरोखर मिळतात.

पहिली, आकड्याची खात्री. छापलेला रेट आणि खरा रेट जवळजवळ एकच असतो. दबत जाताना मध्येच काही वेढे एकमेकांना चिकटून रेट बदलतो आहे, असेही सहसा होत नाही.

दुसरी, दबायला जास्त जागा. महाग पोलाद जास्त ताण सहन करते, म्हणून तेवढ्याच रेटसाठी तार बारीक आणि वेढे कमी ठेवता येतात. वरच्या उदाहरणात ११ ऐवजी १०.५ मिलिमीटरची तार घेतली, तर तोच ५५ चा रेट ६ ऐवजी जवळपास ५ वेढ्यांत मिळतो. टोकांचे दोन वेढे धरून पहिली स्प्रिंग पूर्ण दाबली की ८८ मिलिमीटरचा ठोकळा होतो, दुसरीचा ७४ चा. म्हणजे दबायला १४ मिलिमीटर जादा जागा मिळाली. पण बारीक तारेवर तेवढ्याच वजनाचा ताण सुमारे १४ टक्के जास्त येतो. साध्या पोलादात हे केले तर स्प्रिंग लवकर बसेल. महाग पोलादाची किंमत इथे वसूल होते.

तिसरी, न बसणे. वर्षा-दोन वर्षांत स्प्रिंग स्वतःहून आखूड होते, त्याला गॅरेजमध्ये 'स्प्रिंग बसली' म्हणतात. चांगले कारखाने विकण्यापूर्वीच स्प्रिंग पूर्ण दाबून ठेवतात, म्हणजे जे काही बसायचे ते तिथेच बसून जाते. शिवाय तारेवर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात. त्यामुळे पृष्ठभाग आतून दाबलेला राहतो आणि भेग पडायला उशीर होतो. स्प्रिंगेची भेग बहुतेक वेळा पृष्ठभागावरच सुरू होते, म्हणून वरचा रंगही महत्त्वाचा. रंगाचा टवका उडाला, तिथे गंज धरला, की तिथूनच तार तुटते. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत हा मुद्दा जास्तच लागू आहे.

चौथी, कमी वजन. वरच्या दोन स्प्रिंगांचे वजन मी काढून पाहिले. पहिली सुमारे १.४२ किलो, दुसरी १.१४ किलो. म्हणजे २८० ग्रॅमची बचत. त्यातलेही साधारण अर्धेच चाकाबरोबर हलते. हॅचबॅकचे चाक, ब्रेक, त्याला जोडलेले भाग मिळून साधारण ३० किलो धरले, तर त्यात १४० ग्रॅमचा फरक आजीला सोडा, दादालाही कळणार नाही. शर्यतीच्या हलक्या गाडीत प्रत्येक ग्रॅम मोजतात, तिथली गोष्ट वेगळी.

आता न मिळणारी गोष्ट : आराम. आराम रेटवर अवलंबून आहे, नावावर नाही. चुकीच्या रेटची महागडी स्प्रिंग म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

बरोबर रेट कसा शोधायचा?

याचे एक सोपे गणित आहे. मी दादाला वजनकाट्यावर फक्त पुढची चाके चढवून वजन घ्यायला सांगितले. दोन माणसे बसलेली असताना ६०० किलो भरले. म्हणजे एका पुढच्या चाकावर ३००. त्यातून चाक-ब्रेकचे ३० किलो वजा करा, कारण ते स्प्रिंगेच्या खाली असतात. राहिले २७० किलो.

संचातली स्प्रिंग ६ किलोची. २७० भागिले ६ म्हणजे ती उभ्या गाडीत ४५ मिलिमीटर दबलेली असणार. आता १५.८ ला या दबण्याच्या वर्गमुळाने भागा. ४५ चे वर्गमूळ ६.७. उत्तर आले सुमारे २.३५. याचा अर्थ ही गाडी धक्का बसल्यावर सेकंदाला २.३५ वेळा वर-खाली होऊ पाहते. हीच तिची नैसर्गिक वारंवारता, हर्ट्झमध्ये.

घरगुती मोटारी साधारण १ ते १.५ हर्ट्झच्या ठेवतात. माणूस चालताना त्याच्या शरीराला जी लय असते तिच्या जवळपासची ही लय आहे, म्हणून ती सोसते. वेगवान, तरीही रोज वापरायच्या गाड्या २ हर्ट्झच्या आत-बाहेर असतात. त्याच्या बरेच वर गेले की ते शर्यतीच्या गुळगुळीत रस्त्याचे काम. म्हणजे दादाची स्प्रिंग वाईट प्रतीची असो वा नसो, तिचा रेटच आजीसाठी फार होता. ६ किलोचीच महागडी स्प्रिंग घातली असती, तर तीच २.३५ ची उसळी परत मिळाली असती, फक्त जास्त पैसे देऊन!

३ किलोची स्प्रिंग घेतली तर ९० मिलिमीटर दबणे आणि १.६७ हर्ट्झ. आराम चांगला, पण कॉइलओव्हरच्या आखूड शॉकअपला एवढे दबायला जागा नाही. ४ किलोची घेतली तर ६७.५ मिलिमीटर आणि १.९२ हर्ट्झ. दादासाठी हा मधला मार्ग निघाला.

इथे एक सावधगिरी. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये चाक जेवढे वर जाते जवळपास तेवढीच स्प्रिंग दबते, म्हणून हे गणित सरळ चालते. ज्या गाडीत स्प्रिंग आडव्या दांडीच्या मधोमध बसवलेली असते, तिथे तरफेचा हिशेब लागतो. चाक १० मिलिमीटर हलल्यावर स्प्रिंग ७ मिलिमीटर दबत असेल, तर चाकाजवळ जाणवणारा रेट ०.७ चा वर्ग, म्हणजे ०.४९ पट, जवळजवळ निम्मा होतो. म्हणून मित्राच्या गाडीचा आकडा डोळे झाकून आपल्या गाडीला लावू नये.

'ठक्' आवाज कुठून येत होता?

आमच्या उस्तादांनी पहिला प्रश्न विचारला तो स्प्रिंगेबद्दल नव्हताच. त्यांनी विचारले, "बैठक किती खाली फिरवली आहे?" त्यांचे म्हणणे असे की, बैठक खाली फिरवून गाडी खाली आणली की शॉकअपचा दांडा आधीच आत गेलेला असतो. मग स्पीडब्रेकरवर दांडा चटकन संपतो आणि आतल्या बंप स्टॉप नावाच्या रबरी ठोकळ्यावर आपटतो. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असे गॅरेजवाल्याचे झाले होते.

दादाने गाडी जॅकवर घेऊन पाहिले. बंप स्टॉपचे रबर दोन्हीकडे चुरून गेले होते आणि उजव्या खांबाच्या वरच्या माउंटिंगमधली बेअरिंग खिळखिळी झाली होती. हे दोन्ही भाग स्प्रिंगेच्या मानाने अगदी स्वस्त. बैठक वर घेणे तर फुकट.

बैठकीबद्दल एक मोठा गैरसमज आहे तोही सांगतो. बैठक वर फिरवली की स्प्रिंग 'कडक' होते असे पुष्कळ जण म्हणतात. सरळ रेटच्या स्प्रिंगेत तसे होत नाही. गाडीचे वजन तेच आहे, मग स्प्रिंग तेवढीच दबणार, फक्त गाडी वर उचलली जाणार. रेट बदलायचा तर स्प्रिंगच बदलावी लागते.

नावाचे पैसे की मोजमापाचे?

दादाच्या दोन्ही पुढच्या स्प्रिंगा काढून टेबलावर उभ्या केल्या तेव्हा उजवी डावीपेक्षा ६ मिलिमीटर आखूड निघाली. ती बसली होती. मग त्याने भोसरीतल्या एका स्प्रिंगच्या कारखान्यात दोन्ही दाबयंत्रावर ठेवून मोजून घेतल्या. दोन्हींवर ६ छापले होते, एक ६.२ भरली, दुसरी ५.७. म्हणजे गॅरेजवाला अर्धा बरोबर होता, स्प्रिंगा बदलायलाच हव्या होत्या. पण उपाय मात्र 'नावाजलेली ६ किलोची' हा नव्हता.

इथेच मला या सगळ्या प्रश्नाचे उत्तर सापडले असे वाटते. नावाजलेल्या स्प्रिंगेत आपण मुख्यतः आकड्याच्या खात्रीसाठी आणि उंच ताण सोसण्याच्या ताकदीसाठी पैसे देतो. पहिली गोष्ट आपल्याला मोजून मिळवता येते. दुसरी गोष्ट आपली गाडी वापरतच नसेल, तर तिचे पैसे वाया जातात. दादाने साध्या प्रतीच्या ४ किलोच्या स्प्रिंगांमधून दाबयंत्रावर जुळणारी जोडी निवडून घेतली. मोजणीचे पैसे धरूनही खर्च नावाजलेल्या जोडीच्या निम्म्याहून कमी झाला. उरलेल्या पैशांत नवे बंप स्टॉप, माउंटिंग आणि चाकांचे अलाइनमेंट झाले. शॉकअपचे बटण मऊ बाजूला फिरवले, कारण स्प्रिंग ६ वरून ४ वर आली की तेवढ्याच प्रमाणात उसळी रोखायला शॉकअपचा जोर सुमारे ८२ टक्के पुरतो. मोकळी लांबी वहीत लिहून ठेवली आहे. वर्षभराने पुन्हा मोजायची, स्प्रिंग बसली का ते कळेल.

आता ठक् आवाज येत नाही. गाडी कंपनीच्या मूळ गाडीइतकी मऊ झालेली नाही आणि ती होणारही नाही, हे दादाने मान्य केले आहे. आजी पुन्हा त्याच्या गाडीतून वाईला जाते. मात्र खंबाटकी उतरल्यावर ती अजूनही पुढच्या सीटचा दांडा धरून बसते.

महागडी स्प्रिंग कधी घ्यावी?

असे नाही की महाग स्प्रिंग म्हणजे फसवणूक. रॅली किंवा शर्यतीत उतरणाऱ्याने ती जरूर घ्यावी. तिथे शॉकअपचा इंच न् इंच वापरला जातो, स्प्रिंग दिवसभर पूर्ण दबत-सुटत राहते आणि साधी स्प्रिंग वारंवार बसते. इंजिनीअरिंगचे विद्यार्थी बाहा स्पर्धेसाठी जी खडबडीत रस्त्यावरची बग्गी बनवतात, तिच्यात जागा कमी आणि उड्या जास्त, तिथेही ठोकळा व्हायच्या आधी मिळणारे १०-१५ मिलिमीटर मोलाचे. गाडी आधीच बरोबर रेटवर आहे, शॉकअप, टायर, बुश सगळे चांगले आहे आणि तरी साधी स्प्रिंग दरवर्षी बसते आहे, असे असेल तरीही महाग स्प्रिंग शेवटी स्वस्त पडते, कारण ती दोनदा घ्यावी लागत नाही.

पण रोजच्या गाडीत पैसे घालायचा क्रम मला असा वाटतो : आधी टायर आणि त्यांची हवा, मग बुश व माउंटिंग, मग शॉकअप, मग बरोबर रेट, आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंगेवरचे नाव.

दोन इशारे

पहिला, सुरक्षिततेचा. दादाची ६ किलोची स्प्रिंग नुसत्या उभ्या गाडीत ४५ मिलिमीटर दबलेली असते तेव्हा तिच्यात सुमारे ६० ज्यूल ऊर्जा असते. ६ किलोचा दगड १ मीटरवरून पडावा तेवढी. खांबाचा वरचा नट तसाच सोडला तर ती सगळी एका क्षणात सुटते. स्प्रिंग दाबण्याचे अवजार आणि ते वापरता येणारा माणूस असल्याशिवाय या कामाला हात लावू नये. आपण कॅडेट असलो तरी हे धाडस नव्हे, हा निष्काळजीपणा.

दुसरा, कायद्याचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून सस्पेन्शन बदलण्यापूर्वी आर. टी. ओ. आणि विमा कंपनी दोघांनाही विचारून घ्यावे. पुढे अपघात झाला तर 'मला माहीत नव्हते' हे उत्तर चालत नाही.

तेव्हा मित्रांनो, आणखी तीन वर्षांनी आपल्या हाती परवाना येईल आणि दुकानदार म्हणेल, "साहेब, ही घ्या, सगळ्यात भारी." त्या वेळी त्याला चारच प्रश्न विचारा. हिचा रेट किती? मोजून दाखवाल का? पूर्ण दबल्यावर ठोकळा किती मिलिमीटरचा होतो? आणि माझ्या शॉकअपला ती जुळेल का? चारही उत्तरे आकड्यांत मिळाली, तर किंमत ठरवायला आपण समर्थ आहोत. मिळाली नाहीत, तर पाकीट खिशातच राहू द्या.